जुन्या पेपरची बांधीव फाइल हातात आली तर काय करायचं? नवख्यांसाठी, कोल्हापुरातनं

शिवाजी पेठेत नाहीतर मंगळवार पेठेत एखादा जुना वाडा उतरवायला काढला की माळ्यावरनं जे सामान खाली येतं त्यातली तांब्या-पितळेची भांडी लगेच कुणीतरी उचलतंय, सागवानी दारं उचलतंय, आणि कापडी पाठीचे ते जाडजूड गठ्ठे, आजोबांनी वर्षावर्षाचे पेपर बाइंड करून ठेवलेले, ते मात्र किलोवर रद्दीत जातात. मला स्वतःला अशाच दोन फायली रद्दीच्या दुकानात मिळाल्या, वजनकाट्यावर चढलेल्या होत्या. तेव्हापासनं लोक विचारतात की आमच्या घरीपण असलं काहीतरी आहे, कुठला पेपर, कुठल्या सालचा, त्यात काय असेल, कसं कळायचं. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो, स्कॅनिंगची घाई करू नका, आधी अंकांची यादी करा. का ते पुढं येईलच.

आधी हात, मग डोळे

फाइल घरी आली की पहिल्यांदा पाठीचा, दोन्ही पुठ्ठ्यांचा आणि पहिल्या-शेवटच्या पानाचा फोटो काढून ठेवा, जशी आहे तशी, धूळ पुसायच्या आधी. मग मोठं टेबल घ्या, दोन टॉवेल गुंडाळून त्यांच्या लोड्या करा आणि फाइल उघडताना दोन्ही पुठ्ठ्यांखाली एकेक ठेवा म्हणजे ती सपाट पडणार नाही, अर्धवट उघडी राहील. जुनी पाठ एकदम सपाट उघडली की मधनं मोडते आणि मोडली की पानं सुटायला लागतात. हात धुऊन कोरडे करा, तेवढं पुरतं, सुती हातमोजे नकोत कारण त्यात बोटांना कागदाचा अंदाज येत नाही आणि पानाचा कोपरा तुटतो. धूळ मऊ ब्रशनं, शिलाईकडनं बाहेरच्या बाजूला. बुरशीचा वास आला किंवा पांढरे-हिरवे ठिपके दिसले तर मास्क लावा आणि ती फाइल बाकीच्या पुस्तकांपासनं लांब ठेवा.

कागदाबद्दल एक गोष्ट नवख्यांना खरी वाटत नाही. जितका जुना तितका ठिसूळ असं नसतंय. १८७० च्या आसपासपर्यंत कागद बहुतेक चिंध्यांच्या लगद्याचा असायचा, तो आजसुद्धा बऱ्यापैकी मऊ राहिलेला असतो. त्यानंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त न्यूजप्रिंट आला, त्यात लिग्निन आणि आम्ल असतं, उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडून बिस्किटासारखा तुटतो. म्हणून १९३०-४० च्या फायली बऱ्याचदा १८६० च्या फायलींपेक्षा वाईट अवस्थेत सापडतात. तुमच्या फायलीचं पान दुमडून बघू नका, कोपरा तुटलेला असेल तर तेवढ्यावरनंच कळतंय.

सेलोटेप नको, फेविकॉल नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. माझ्या पहिल्या फायलीत फाटलेल्या पाच-सहा पानांना मी सेलोटेप लावला होता, चांगल्या मनानं, आणि काही वर्षांनी त्याचा डिंक तपकिरी होऊन कागदात मुरला, टेप आपोआप सुटली आणि सुटताना तिच्यासोबत अक्षरंही निघाली. ती अक्षरं आता कुठंच नाहीत, त्याचं मला आजही वाईट वाटतंय. फाटलेलं पान आहे तसं दोन कोऱ्या कागदांच्या मधे ठेवा आणि पुढं जा.

आपल्याकडं पावसाळा हा वेगळाच विषय आहे. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की कागद दमट होऊन फुगतो, म्हणून फाइल उघडायचं, मोजायचं, फोटो काढायचं काम दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंत करा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेली फाइल अजून कुणाकडं असेल आणि पानं एकमेकांना चिकटून वाळली असतील तर ती ओढून सोडवू नका, कागद संवर्धन करणाऱ्या माणसालाच दाखवा. आणि पुढं कधी भिजलीच तर दोन दिवसांच्या आत पंख्याच्या वाऱ्यावर वाळवायला घ्या नाहीतर प्लास्टिकमधे गुंडाळून डीप फ्रीझरमधे ठेवा, कारण साधारण तेवढ्यात बुरशी धरते. उन्हात वाळवायची नाही.

पाठीवरच्या लेबलावर विश्वास ठेवायचा नाही

आता ओळख. पाठीवर सोनेरी अक्षरात किंवा चिकटवलेल्या चिठ्ठीवर पेपरचं नाव आणि साल असतंय आणि नवखा माणूस तिथंच थांबतो. पण लेबल बाइंडरनं लावलेलं असतंय, संपादकानं नाही. बाइंडरकडं गिऱ्हाईक गठ्ठा आणून टाकायचा, वरच्या अंकावरचं साल बघून तो लेबल करायचा, आत दोन वर्षांचे अंक मिसळलेले, मधेच दुसऱ्याच पेपरचे आठ अंक घुसलेले, हे मी कितीतरी वेळा बघितलंय. म्हणून लेबल नुसतं टिपून ठेवायचं, खरं काय ते आतला प्रत्येक अंक सांगणार.

प्रत्येक अंकात तीन जागा बघायच्या.

पहिली म्हणजे नावाची पट्टी. तिथं नाव, गाव, वार, तारीख, आणि बहुतेक वेळा वर्ष अमुक वे, अंक तमुक वा, किंमत, वार्षिक वर्गणी एवढं सगळं असतंय. पट्टीखाली किंवा वर श्लोक नाहीतर अभंग असेल तर तो शब्दशः उतरवून घ्या, कारण नाव फाटून गेलं तरी त्या ओळींवरनं पेपर ओळखता येतो. मूकनायकच्या डोक्यावर तुकोबांचा अभंग असायचा आणि बहिष्कृत भारतवर ज्ञानेश्वरांच्या ओव्या, ही उदाहरणं लक्षात ठेवा.

दुसरी जागा शेवटच्या पानाच्या तळाची ओळ, हे पत्र अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केलं, अशी. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ च्या कायद्यानं मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापणं बंधनकारक होतं. कोल्हापूर तेव्हा संस्थान, कायदा वेगळा, पण ही ओळ इथल्या पेपरांतही शोधायचीच. बाइंडरनं कडा कापताना ही ओळ बऱ्याचदा उडवलेली असते, मग सगळ्या अंकांची तळाची कड बघत जायचं, कुठल्यातरी एका अंकात ती वाचलेली सापडते.

तिसरी जागा फार कुणाला माहीत नसते आणि मला ती सगळ्यात जास्त आवडते. १९५६ च्या नियमांनंतर प्रत्येक वर्तमानपत्राला दरवर्षी फेब्रुवारी संपला की पुढच्या पहिल्या अंकात मालकीचं निवेदन छापावं लागायचं, फॉर्म ४ म्हणतात त्याला. प्रसिद्धीचं ठिकाण, किती दिवसांनी निघतो, मुद्रक, प्रकाशक, संपादक, मालक, सगळ्यांची नावं आणि पत्ते, चौकटीत, बारीक टाइपात. तर १९५७ नंतरची फाइल असेल तर मार्चच्या पहिल्या आठवड्याच्या अंकात शोधा. एखाद्या छोट्या साप्ताहिकाचा मालक कोण, संपादक कधी बदलला, हे सांगणारं दुसरं काही शिल्लक नसताना मला ते या चौकटीत सापडलंय.

वर्ष आणि अंक यांचं गणित

समजा अंकावर लिहिलंय वर्ष २८ वे आणि साल आहे १९०८. तर १९०८ मधनं २८ वजा करा, एक मिळवा, आलं १८८१. केसरी ४ जानेवारी १८८१ ला सुरू झाला, म्हणजे बरोबर बसलं. हे उलटंही चालतं, पेपर कधी सुरू झाला ते माहीत असेल आणि तारीख फाटलेली असेल तर वर्षाच्या आकड्यावरनं साल निघतंय. पण सावध राहा. पेपरचं वर्ष जानेवारीलाच सुरू होतं असं नाही, ते सुरू झालेल्या महिन्यापासनं धरतात, त्यामुळं एखाद्या फायलीत जूनमधेच वर्ष बदललेलं दिसेल आणि वाटेल की बाइंडरनं घोळ घातला, तर तसं नसतंय. आणि छापखान्यात अंकाचा नंबर चुकायचाही, एकदा चुकला की कुणी दुरुस्त करेपर्यंत तसाच पुढं चालत राहायचा. ३१ नंतर एकदम ३३ दिसला म्हणजे ३२ हरवला असं लगेच ठरवू नका, आधी तारखा बघा, तारखांमधे आठवडा सुटलेला नसेल तर नंबरच चुकलाय. जोडअंक असेल तर तसं पट्टीवर लिहिलेलं असतंय.

तारीखच नसली तर

इथं खरी मजा आहे आणि इथं वेळ द्या.

पहिल्यांदा शके. जुन्या अंकांवर इंग्रजी तारखेबरोबर शके आणि तिथी असते, कधी नुसती तीच वाचता येते. शक्यात ७८ मिळवायचे की इसवी सन येतो, पण १ जानेवारीपासनं पुढं फाल्गुन संपेपर्यंत ७९. म्हणजे शके १८४४ वैशाख हा १९२२ चा, पण शके १८४४ चाच माघ-फाल्गुन हा १९२३ मधला. हे एक वर्षाचं गणित चुकल्यानं कित्येक लेखांत तारखा चुकल्यात.

मग वार. तारीख, महिना आणि वार वाचता येतोय पण साल कापलं गेलंय असं फार वेळा होतं. माझ्या दुसऱ्या फायलीत मधल्या एका सुट्या अंकावर फक्त मंगळवार ११ जुलै एवढंच शिल्लक होतं. मोबाइलचं कॅलेंडर मागं नेऊन बघितलं, ११ जुलै मंगळवारी येतो १९३३, १९३९, १९४४, १९५० आणि मग एकदम १९६१ ला. म्हणजे पाचच उमेदवार. किंमत आण्यात होती म्हणून १९६१ बाद. आत दुसऱ्या महायुद्धाच्या बातम्या, म्हणजे १९३३ आणि १९५० बाद, आणि ते युद्ध सप्टेंबर १९३९ ला सुरू झालं म्हणजे जुलै १९३९ पण बाद, राहिला १९४४. खात्रीसाठी अजून एक धागा शोधला, आतल्या पानावर वळिवड्याच्या पोलिश छावणीचा उल्लेख होता, आणि पोलंडचे निर्वासित वळिवड्याला १९४३ ते १९४८ होते. बसलं. पान एकच, पण तीन वेगवेगळ्या बाजूंनी एकाच सालावर आलं. एका खुणेवर कधी साल ठरवू नका, निदान दोन तरी पाहिजेत.

किंमत आणि पैशाचं बघा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. १९५७ ते १९६४ मधे नवे पैसे म्हणायचे, न. पै. असं छापलेलं असेल तर त्याच सात वर्षांतला अंक, १ जून १९६४ ला त्यातलं नवे गेलं आणि नुसते पैसे राहिले. जाहिरातीत लोकांच्या बोलीतले आणे पुढंही बराच काळ चालले, म्हणून जाहिरातीतल्या किमतीपेक्षा पेपरच्या स्वतःच्या किमतीवर जास्त भरवसा ठेवा.

वजनं. कोल्हापूरच्या पेपरात गुळाचे बाजारभाव असणारच, ते मणाच्या हिशोबात आहेत का क्विंटलच्या ते बघा. मेट्रिक वजनं १९५८ पासनं यायला लागली आणि १९६२ पासनं सक्तीची झाली.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, जाहिरातीच्या पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर अंक त्यानंतरचाच. पिन नसेल तर त्यावरनं काही सिद्ध होत नाही, कारण लोकांनी लगेच लिहायला सुरुवात केली नव्हती. हा फरक नीट समजून घ्या, काही खुणा फक्त याच्या आधीचा नाही एवढंच सांगतात. सिनेमाच्या जाहिरातीचंही तसंच. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, त्यांचा अयोध्येचा राजा १९३२ चा, पण टॉकीजला त्याची जाहिरात दिसली म्हणजे अंक १९३२ चा असं नाही, जुने सिनेमे परत परत लागायचे.

राजे कोण ते बघा. शाहू महाराज ६ मे १९२२ ला गेले, त्यानंतर राजाराम महाराज नोव्हेंबर १९४० पर्यंत. बातमीत छत्रपतींचं नाव आलं की कालखंड लगेच आवळला जातो. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, त्यानंतर दरबार, करवीर सरकार हे शब्द हळूहळू गायब होतात आणि जिल्हा, कलेक्टर यायला लागतात. जागांची नावंही उपयोगी पडतात, आजच्या केशवराव भोसले नाट्यगृहाचं आधीचं नाव पॅलेस थिएटर, नाटकाच्या जाहिरातीत कुठलं नाव आहे ते बघा.

शेवटी लेखन. कांहीं, नाहीं, करणें, असे न उच्चारले जाणारे अनुस्वार भरपूर दिसले तर बहुतेक १९६२ च्या आधीचा मजकूर, कारण त्या साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी ते काढले. पण जुन्या वळणाचे संपादक पुढंही अनुस्वार देत राहिले आणि काहींनी आधीच सोडले होते, म्हणून ही खूण सगळ्यात कच्ची समजा.

खरा अंक का नंतरचं पुनर्मुद्रण

प्रसिद्ध पेपरांचे अंक नंतर हुबेहूब छापून निघालेत, मूकनायक आणि बहिष्कृत भारत तर महाराष्ट्र सरकारनंच एकत्र खंडात पुन्हा छापलेत. संशोधनाला पुनर्मुद्रण उत्तमच, पण ते मूळ अंक म्हणून विकत घेऊ नका. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या टाइपांच्या छपाईत अक्षराचा दाब कागदाच्या मागच्या बाजूला बोटाला लागतो, तिरक्या उजेडात उठाव दिसतो. ऑफसेट एकदम सपाट असते. भिंगातनं बघितलं तर खिळ्याच्या अक्षराच्या कडेला शाई किंचित जास्त साचलेली दिसते. आणि पुनर्मुद्रणात डाग, घड्यासुद्धा छापल्या जातात, म्हणजे घडीची रेघ दिसते पण कागद तिथं घडी पडलेला नसतो.

यादी, म्हणजे खरं काम

साधी शंभर पानी वही घ्या नाहीतर एक्सेल शीट, काहीही चालतंय. एका अंकाला एक ओळ. तारीख, वार, वर्ष-अंक, पानं किती, पुरवणी आहे का, कुठलं पान नाही, काय फाटलंय, आणि एका वाक्यात मुख्य बातमी. तारीख तुम्ही काढली असेल, छापलेली नसेल, तर चौकटी कंसात टाका आणि कशावरनं काढली ते लिहा. नसलेल्या अंकांचीही ओळ ठेवा, रिकामी, नाही असं लिहून.

हे कंटाळवाणं वाटेल, साप्ताहिकाच्या एका वर्षाला सलग बसलात तर दोन-तीन संध्याकाळी जातात. पण विचार करा, केसरीच्या फायली पुण्यात केसरीवाड्यात आहेत, मोठ्या दैनिकांची स्वतःची दफ्तरं आहेत. कोल्हापुरातनं निघालेल्या लहान साप्ताहिकांचं तसं नाही. विद्याविलास, समर्थ, सत्यवादी, हंटर, ही नावं संदर्भात येतात, पण सलग संच बघायचे म्हटले की एक वर्ष इथं, सहा महिने तिथं. तुमच्या माळ्यावरची फाइल ही कदाचित त्या अंकांची एकमेव प्रत असेल. ती प्रत कुणाला उपयोगी आहे हे त्या माणसाला कळणार कसं? यादी असेल तर एका मेलमधे कळतंय. स्कॅनचे आठशे फोटो पाठवले तर कुणी उघडूनही बघत नाही.

शिक्केही यादीत घ्या. वाचनालयाचा शिक्का, दाखल क्रमांक, पोस्टाच्या पट्टीवरचं वर्गणीदाराचं नाव. आपल्याकडची करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासनंची, तिचं सुरुवातीचं नाव नेटिव्ह लायब्ररी असं होतं, म्हणून जुन्या शिक्क्यावर आजचं नाव नसेल तर गोंधळू नका. आणि एखाद्या वाचनालयाचा शिक्का आहे पण रद्द केल्याचा शिक्का कुठंच नाही असं असेल, तर विकत घ्यायच्या आधी त्या वाचनालयात जाऊन विचारा. ती त्यांची हरवलेली फाइल असेल तर ती त्यांचीच आहे.

ताडून कुठं बघायचं

सुरुवात गावातनंच करा. करवीर नगर वाचन मंदिरात जा, शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात जा, ओळखपत्र आणि काय बघायचंय त्याचं साधं पत्र बरोबर ठेवा. कोल्हापूर पुराभिलेखागारात संस्थानचे कागद आहेत, त्यातले बरेच मोडीत, पण पेपरवाल्यांना एक गोष्ट तिथं शोधण्यासारखी, करवीर सरकारचं गॅझेट. २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा जाहीरनामा याच गॅझेटमधला. पेपरात आलेली दरबारची बातमी आणि गॅझेटमधला मूळ हुकूम शेजारी शेजारी ठेवून वाचा, संपादकानं काय गाळलं ते दिसतं.

पुण्यात केसरीवाड्याचं ग्रंथालय, भारत इतिहास संशोधक मंडळ, पुणे नगर वाचन मंदिर. मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटी आणि राज्य पुराभिलेखागार. पुस्तकात रा. के. लेल्यांचा मराठी वृत्तपत्रांचा इतिहास हाताशी असू द्या, नाव, गाव, संपादक पटकन सापडतात.

आणि एक साधन असं आहे जे कोल्हापूरच्या माणसानं सोडूच नये. १८६८ पासनं मुंबई सरकारला देशी भाषांतल्या पेपरांत काय छापून येतंय याचा गुप्त साप्ताहिक अहवाल जायचा, इंग्रजीत. आपल्याच लोकांवर नजर ठेवायला केलेली ती व्यवस्था, पण आज त्या अहवालांचा उपयोग आपल्याला होतोय, कारण त्यात पेपरांची यादी असते, गाव, संपादक, अंदाजे खप, आणि मग मजकुराचा सारांश. ज्या कोल्हापुरी अंकाची एकही प्रत उरलेली नाही त्यातल्या लेखाचा सारांश तिथं सापडू शकतो. सारांश करणारा सरकारी माणूस होता आणि सरकारला खुपणारंच तो टिपायचा, एवढं लक्षात ठेवून वाचा.

वाचायचं कसं

घटनेच्या दिवशीचा अंक शोधू नका, पुढचा शोधा. शाहू महाराज शनिवारी गेले, मंगळवारी निघणाऱ्या केसरीचा त्यानंतरचा अंक ९ मेचा. माणगावची परिषद २१-२२ मार्च १९२० ला झाली, साप्ताहिक-पाक्षिकांत तिचे वृत्तांत पुढचे काही आठवडे शोधावे लागतात.

एकाच पेपरवर थांबू नका. वेदोक्ताचं प्रकरण, म्हणजे राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी करायचे का नाही हा वाद, केसरीत एक दिसतं आणि शाहू महाराजांची बाजू घेणाऱ्यांच्या लिखाणात एकदम दुसरं. ब्राह्मणेतर चळवळीचे पेपर, पुण्याचा विजयी मराठा, मुकुंदराव पाटलांचा दीनमित्र, हे बरोबर ठेवले नाहीत तर कोल्हापूरचा त्या काळाचा अर्धाच इतिहास हाती लागतो. पेपरला पैसे कोण देत होतं तेही बघा, मूकनायकला शाहू महाराजांनी २५०० रुपयांची मदत केली हे माहीत असलं की अंक वाचताना संदर्भ कळतो, त्यानं पेपरचं मोल कमी होत नाही.

छापलेलं सगळं खरं नसतंय याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच गावचं आहे. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांच्या छळावरनं दिवाण बर्व्यांविरुद्ध केसरीत आणि त्याच्या जोडीच्या इंग्रजी मराठा पेपरात लिहून आलं, ज्या पत्रांवर ते उभं होतं ती खोटी निघाली, आणि टिळक-आगरकरांनी १८८२ मधे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. नवख्यांनी सराव म्हणून हाच विषय घ्यावा असं मी सांगतो, केसरीचं पहिलं आणि दुसरं वर्ष, नुसत्या कोल्हापूरच्या बातम्या काढा आणि तारखेनं लावा, महिन्याभरात पेपर कसा वाचायचा ते हाताला बसतं.

शब्द शोधताना जुने शब्द शोधा. कोल्हापूर शोधून काही आलं नाही तर करवीर शोधा, नगरपालिका ऐवजी म्युनिसिपालिटी. मोबाइलवरचं अक्षर ओळखणारं अॅप जुन्या खिळ्यांवर निम्मं बरोबर निम्मं चूक देतंय, अनुस्वारात तर हमखास गडबड, म्हणून त्याचा उपयोग शोधायपुरता, उतारा घ्यायचा तो डोळ्यानं वाचूनच.

फोटो

यादी झाली की फोटो. फ्लॅश नाही, थेट ऊन नाही, खिडकीचा उजेड पुरे. बांधीव फाइल झेरॉक्स मशीनवर किंवा सपाट स्कॅनरवर दाबायची नाही, पाठ जाते. मोबाइल वर स्टँडवर बांधा, पान सरळ, पहिल्यांदा पूर्ण पान आणि मग वरचा-खालचा अर्धा वेगळा. शिलाईत गेलेली अक्षरं ओढून वाचायची नाहीत, त्या जागेचा तिरका फोटो घ्या. फोटोच्या फायलीचं नाव साल-महिना-दिवस-पान या क्रमानं, १९४४-०७-११-०१ असं, म्हणजे आपोआप क्रमानं लागतात. दोन ठिकाणी कॉपी ठेवा, एक घराबाहेर.

नंतर ठेवायची कुठं

आडवी ठेवा, उभी केली की स्वतःच्या वजनानं पाठ सुटते. जमिनीपासनं वर, बाहेरच्या भिंतीला न लागता, सुती धुतलेल्या कापडात गुंडाळून. पॉलिथिनमधे घट्ट बांधू नका, आत दमटपणा कोंडतो. दर दोन-तीन महिन्यांनी उघडून कसर, वाळवी बघा.

घरी जमणार नसेल तर वाचनालयाला द्या, पण नुसती नेऊन टेबलावर ठेवू नका. तुमची यादी दोन प्रतींत न्या, एक फायलीच्या आत पहिल्या पुठ्ठ्याला सुटी ठेवा, एकीवर तारखेसह पोच सही घ्या, आणि विचारा की दाखल क्रमांक कधी पडणार. पंधरा दिवसांनी परत जाऊन तो क्रमांक आपल्या यादीवर लिहून घ्या.